ओल्या वाळूवरच्या फेऱ्या

एरंडेल जळल्याचा वास एकदा अंगाला लागला की सहजी जात नाही. लहानपणी आई वाटीत देत असे ते एरंडेल निराळं. नाक दाबायचं, घोट घ्यायचा, वर गुळाचा खडा चघळायचा, की संपलं. तापलेल्या इंजिनातून धूर होऊन बाहेर पडणारं एरंडेल संपत नाही. ते केसांत बसतं, पातळाच्या पदरात बसतं, जिभेच्या मुळाशी जाऊन चिकटतं. समईची वात करपावी आणि शेजारीच कुणाला तरी उलटी व्हावी, तसा तो वास.

परवा माघी पुनवेच्या सकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर फिरायला गेले तर वाऱ्याबरोबर तोच वास आला. समुद्र उधाणाच्या ओहोटीने लांब आत गेला होता. ओली वाळू आरशासारखी पसरली होती आणि तिच्यावर दोन तरुण फटफट्या पिटाळत होते. दोन टोकांना दोन पिंपं ठेवलेली. मी परत फिरणार तेवढ्यात त्यांनी मला गाठलं. नव्या कारखान्यात इंजिनियर आहेत म्हणाले. बोलायला अदबशीर होते.

"बाई, तुम्ही पूर्वी नागावला शर्यतीची वेळ घ्यायच्या म्हणे. तुमच्याकडे स्टॉपवॉच आहे ना?"

"बिघडलंय," मी म्हटलं.

"आम्ही दुरुस्त करून देऊ की."

"नको," म्हटलं, आणि घरी येऊन डोक्यावरून न्हाले. सकाळी एकदा न्हाऊन झालेलं असताना.

स्टॉपवॉच बिघडलेलं नाही. ट्रंकेत आहे. मुलींच्या शाळेत मी कवायत शिकवायला लागले तेव्हा पहिल्या काही पगारांतून घेतलं होतं, धावण्याच्या शर्यतींसाठी. तेव्हा मी नागावला दादाच्या घरी राहत असे आणि रोज बसने अलिबागला येत असे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. वडील नुकतेच गेले होते आणि त्यांच्या मागे नारळ-सुपारीची वाडी, विहिरीवरचा रहाट आणि एक जुनी मोटार एवढं दादाच्या हाती आलं होतं. वाडी आणि रहाट वहिनीने सांभाळले. दादाने मोटार सांभाळली.

त्या हिवाळ्यात राजाभाऊंनी नागावला शर्यतींची टूम काढली. राजाभाऊ मुंबईचे सॉलिसिटर, किनाऱ्यालगत सुरूच्या बनात त्यांचा बंगला. कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी वाळूवरच्या मोटारशर्यतींचे फोटो पाहिले होते, आणि शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालतात हेही त्यांनी तिथेच वाचलं होतं. धरमतरच्या खाडीवर होड्यांना फळ्या जोडून त्यांनी मुंबईहून आपल्या मित्रांच्या मोटारी आणवल्या. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपासच्या रविवारी, पहाटे पाणी आत गेलं की किनाऱ्यावर दोन पिंपं मांडायची आणि त्यांच्याभोवती फेऱ्या मारायच्या. पाणी परत चढेपर्यंत खेळ. हौशी माणसं सगळी. बक्षीस म्हणजे टाळ्या आणि बंगल्यावरचं जेवण. पण फेरीला लागणारा वेळ कमी करायचा, आणखी कमी करायचा, याचं वेड एकेकाला असं काही लागलं की जेवतानासुद्धा ताटातल्या वाट्या सरकवून वळणं घ्यायचे.

वेळ घ्यायला घड्याळ हवं, घड्याळ माझ्याकडे. म्हणून मी.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला ते आवडलं होतं. पहाटेची थंडी, नुसत्या पावलांना लागणारी गार वाळू, उजाडताना पाण्यावर येणारा तांबूस रंग, आणि लांबून गुणगुणत येणारी मोटार. काटा चालू करताना अंगठ्याखाली जी बारीकशी टिक् व्हायची ती पोटापर्यंत जाणवायची. पण आज त्या सकाळी आठवायला बसले की आधी आठवतात ती सुरूखाली फेकलेली कोंबडीची हाडं, त्यांच्यावर घोंगावणाऱ्या माशा, बाटल्या, चाकाखाली चिरडलेल्या खेकड्यांचा पिवळसर लगदा, आणि त्याच लगद्यावरून पुन्हा पुन्हा जाणारी चाकं. खेकडे हजारोंनी असतात, त्यांचं काय एवढं, असं राजाभाऊ म्हणायचे. सगळ्याच गोष्टींबद्दल ते असंच म्हणायचे.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला कोळ्यांचे बोंबील सुकत असायचे. बांबूच्या मांडवांवर ओळीने टांगलेले. राजाभाऊंच्या गड्यांनी एक मांडव उचलून मागे सारला, कारण वळणाला जागा हवी होती. हिरा कोळीण टोपली डोक्यावरून उतरवून माझ्याकडेच आली. बाकी कुणी ऐकणार नाही हे तिला कळत होतं.

"बाय, ही काय गारी चालवायची जागा हाय? आमचं म्हावरं सुकतंय. धूर बसतो त्याला. घेणार कोण?"

मी राजाभाऊंना सांगितलं. त्यांनी खिशातून नोट काढून तिच्या टोपलीत टाकली, तिच्याकडे न बघता. हिराने ती उचलली आणि वाळूवर ठेवून निघून गेली. नंतर वारा आला आणि ती नोट पाण्याकडे गेली. राजाभाऊ हसले. त्या हसण्याचीही मला आता शिसारी येते, पण तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते.

या सगळ्या मंडळींत गाडी चालवता येणारा माणूस एकच होता. हमीदभाई. बोर्लीचे. घरचा लाकडाचा व्यापार, गलबतं पार मलबारपर्यंत जायची. त्यांची मोटार लहानशी, छत काढलेली, आणि इतरांपेक्षा कमी ताकदीची. तरी त्यांची फेरी दोन मिनिटांच्या आत यायची. दुसऱ्या कुणाचीच यायची नाही. दादाची तर नाहीच, आणि दादाला त्या हिवाळ्यात जगात दुसरं काही नको होतं.

दोघांची दोस्ती होती. हमीदभाई आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला यायचे, वहिनीच्या हातची घावनं खायचे आणि दादाला समजावत बसायचे.

"मधू, तू वळणावर पिंपाकडे बघतोस. म्हणून पिंपावर जातोस. नजर पुढं टाक. जिथून बाहेर निघायचंय तिथं बघ, हात आपोआप जातात."

"पण मी तुझ्यापेक्षा उशिरा ब्रेक लावतो."

"तेच तर. वळणात ब्रेक लावतोस, मग चाकं वाळू उकरतात. ब्रेक आधी लाव. सरळ असतानाच. मग लांबून आत शीर, पिंपाला चाटून जा, आणि लांबून बाहेर पड. वळणात गाडी खूश पाहिजे. आहिस्ता गेलास तर जल्दी पोचशील."

दादाला ते पटायचं नाही. त्याचा विश्वास जोरावर. पायाखाली जेवढं दाबता येईल तेवढं दाबायचं. मी मात्र हमीदभाईंचं म्हणणं घड्याळात बघत होते. सरळ पट्ट्यावर दादा पुढे असायचा, वळणावर सगळं घालवायचा.

एकदा शर्यत आटोपल्यावर हमीदभाई मला म्हणाले, "बाई, तुम्ही वेळ घेता. वेळ जातो कुठे ते कळायला एकदा चालवून बघा." दादा हसला. वहिनी म्हणाली, "जा की वन्सं, बसा." मी पदर खोचला आणि त्यांच्या मोटारीत बसले. पहिल्या दिवशी गाडी चारदा बंद पडली. पुढच्या खेपेला दोनदा. फाल्गुन लागेपर्यंत मी दोन्ही पिंपांभोवती न थांबता फेरी मारत होते. वेग बेताचाच होता, पण क्लच सोडताना धक्का बसत नव्हता. हमीदभाई शेजारी डोळे मिटून बसायचे आणि धक्का बसला तरच उघडायचे. इतकं निर्मळ कौतुक मला कुणी केलेलं नव्हतं.

त्या दिवसांतलं एवढंच मला धुऊन पुसून ठेवावंसं वाटतं.

फाल्गुनातल्या पुनवेचा रविवार हा मोसमातला शेवटचा. राजाभाऊंचे मुंबईचे पाहुणे आदल्या दिवशीच आले होते आणि सकाळी उशिरा उठले. त्यामुळे खेळ सुरू होईपर्यंत ओहोटी संपून पाणी वर यायला लागलं होतं. मी राजाभाऊंना म्हटलं, आज थोडक्यात आटपा. ते म्हणाले, बघू.

फेऱ्या चालू असतानाच त्यांनी लांबचं पिंप हलवायला लावलं. पाणी त्याच्या जवळ आलं होतं, म्हणून गड्यांकडून ते वर कोरड्या वाळूच्या कडेला आणवलं. म्हणजे आणखी थोडा वेळ खेळता येईल. मी पिंपापासून बरीच लांब, सुरुवातीच्या रेघेवर उभी होते. मला ते दिसलं, आणि मी हातातला रुमाल हलवून ओरडले. इंजिनांच्या आवाजात मी ओरडून काय होणार. हमीदभाई नेहमीसारखे लांबून आत शिरले, नेहमीच्या वेगाने, जिथे टणक वाळू असायची तिथे. पिंप वर आल्यामुळे तिथे आता भुसभुशीत वाळू होती. पुढचं चाक रुतलं, गाडी कलली आणि त्यांच्यासकट उलटी झाली.

मी काटा थांबवला. तो का थांबवला ते मला सांगता येत नाही. अंगठा दाबला गेला. मग धावले.

हिरा माझ्या आधी पोचली होती. गड्यांनी आणि कोळ्यांनी मिळून गाडी उचलली. हमीदभाईंचा डावा पाय गुडघ्यापासून नको तिकडे वळला होता, आणि चेहऱ्यावर वाळू आणि रक्त आणि ते तेल. हिराने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. राजाभाऊ चालत आले, धावत नाही.

"शुद्ध आहे का?"

"नाही. तुमची मोठी गाडी द्या, अलिबागला न्यायला हवं."

"नेऊ. नेऊ की." त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "त्यांना जरा बाजूला घ्या. दोनच फेऱ्या राहिल्यात, मग माझा ड्रायव्हर मोकळाच आहे. तो पलीकडे निशाण धरून उभा आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण गड्यांनी खरोखरच हमीदभाईंना उचललं आणि बोंबलाच्या मांडवाखाली सावलीत नेऊन ठेवलं. वाट मोकळी झाली. त्या वाटेवरून एक मोटार गेली. तिच्यामागून दुसरी. दुसरी दादाची होती. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, मला वाटलं थांबतोय. त्याने पिंपाला वळसा घातला आणि इंजिनाचा आवाज वाढवत तो परत सरळ पट्ट्याला लागला. धूर आमच्या अंगावर आला. हिरा थुंकली.

राजाभाऊंची मोठी गाडी सुरूच्या बनात उभी होती, चावी आतच. मी कुणाला विचारलं नाही. कोळ्यांनी हमीदभाईंना मागच्या सीटवर निजवलं आणि हिरा त्यांचं डोकं धरून तिथेच खाली बसली. तेवढी मोठी गाडी मी कधी चालवली नव्हती. नागाव ते अलिबाग रस्ता तेव्हा खड्ड्यांचाच होता, आणि प्रत्येक खड्ड्याला मागून जो आवाज यायचा तो माणसाचा वाटत नव्हता. ब्रेक आधी लावायचा. सरळ असतानाच. वळणात गाडी खूश पाहिजे. मी तोंडाने पुटपुटत होते असं हिराने मला नंतर सांगितलं. तिला वाटलं स्तोत्र म्हणतेय.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय कापावाच लागला असता. पाय राहिला, पण गुडघ्यात कधीच वाकला नाही.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा दादा ओटीवर बसला होता. अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून.

"हमीद कसा आहे?"

"पाय वाचेल म्हणतात. शुद्धीवर आले, पण—"

"बरं झालं. तू घड्याळ मध्येच बंद केलंस का ग?"

तो माझा भाऊ. ताप आला की रात्रभर माझ्या उशाशी बसणारा. त्याच तोंडाने तो हे विचारत होता, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तो म्हणत होता, शेवटची फेरी त्याची अशी झाली होती की कधीच झाली नव्हती. लांबून आत, पिंपाला चाटून, लांबून बाहेर. सगळं जमलं होतं. आणि वेळ घ्यायला मी जाग्यावर नव्हते.

मला ओकारी आली. शब्दशः आली. मोरीत जाऊन बसले, आणि वहिनी मागून पाठ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊंचा माणूस निरोप घेऊन आला. हमीदभाईंची चौकशी असेल असं मला वाटलं. निरोप होता की मागची सीट खराब झाली आहे, रक्ताचे डाग जात नाहीत, तुम्ही खाली एखादी चादर का नाही घातलीत. त्या आठवड्यात मी अलिबागला खोली घेतली. शाळेला जवळ पडते असं सगळ्यांना सांगितलं.

हमीदभाईंना भेटायला मी रोज शाळा सुटल्यावर जायचे. थोडं बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "पिंप जवळ आलेलं वाटलं मला. की माझीच नजर गेली?"

"पिंप हलवलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. तसेच म्हणाले, "खुदाचा शुक्र. मला वाटलं, मला गाडी चालवता येईनाशी झाली." मग पायाकडे बघून हसले. "क्लचचाच पाय गेला, बाई."

आणि मग ते म्हणाले, "मोसमाचा शेवटचा दिवस होता. माझ्यामुळे सगळ्यांचा खेळ मोडला. मधूला सांगा, मला माफ कर म्हणावं. त्याचा हात बसत चालला होता."

मी पाण्याचं भांडं उचललं आणि भरून आणायला बाहेर गेले. त्या माणसाला काय सांगायचं होतं? की तुमचा खेळ मोडला, बाकी कुणाचा नाही?

बरे झाल्यावर ते काकांकडे आफ्रिकेत, मोंबासाला गेले. राजाभाऊंनी पुढच्या हिवाळ्यात शिकारीचा नाद धरला आणि पिंपं बंगल्याच्या मागे गंजत पडली. दादा वाडीत लक्ष घालायला लागला, त्याला मुलं झाली, तो गावात चार लोकांच्या उपयोगी पडणारा माणूस झाला. मी सणावाराला जात असे. वाईट माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. मलाही दाखवता येत नाही. किळस एकाच सकाळची असते आणि माणूस सगळ्या दिवसांचा असतो. पण ती सकाळ त्या सगळ्या दिवसांतून वेगळी काढून फेकता येत नाही, दुधात पडलेलं काहीतरी नुसतं उचलून दूध पिता येत नाही तसं.

दोन वर्षांपूर्वी हमीदभाई गावी आले. नागावला येतो असा निरोप होता, म्हणून मीही गेले. दाढी पिकलेली, हातात काठी, वहिनीसाठी लवंगांची पुडी. दादाला इतका आनंद झाला की त्याचा आवाज चढला. जेवणं झाली. चहा आला. आणि दोघे जुन्या गोष्टींवर आले, अर्थातच. दादाने दोन कपबशा टेबलावर लांब लांब ठेवल्या, ही पिंपं, आणि पानाच्या डब्यातलं सुपारीचं खांड घेऊन त्यांच्याभोवती फिरवायला लागला.

"तू सांगायचास ते मला तेव्हा कळायचंच नाही, हमीद. शेवटी शेवटी कळलं. तो शेवटचा दिवस आठव. तू उलटलास ना, तिथे आत वाळू सगळी उकरलेली होती, म्हणून मी काय केलं, जरा आधीच ब्रेक लावला, असा बाहेरून घेतला, आणि—"

तो थांबला. खांड बशीच्या कडेला होतं.

हमीदभाईंनी त्या खांडावर बोट ठेवलं.

"म्हणजे खेळ बंद नव्हता केला," ते म्हणाले.

"भरती चढत होती रे. दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. तुझ्यापाशी माणसं होती."

"हां. बाई होत्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे वळून, अगदी सरळ आवाजात, विचारलं, "मग? दोन मिनिटांच्या आत गेलास?"

"गेलो असणार," दादा म्हणाला. "नक्कीच गेलो असणार. पण हिने घड्याळ बंद केलं होतं ना."

इतक्या वर्षांची तक्रार होती ती, आणि त्याने ती त्या माणसासमोर केली.

हमीदभाईंनी चहा संपवला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले. मी फाटकापर्यंत गेले. काठी टेकत, पाय ओढत ते हळू चालत होते.

"तुमच्याकडे मी माफी मागितली होती, दवाखान्यात," ते म्हणाले. "आठवतं?"

"आठवतं."

"मोंबासात असतानाही मनात यायचं. बिचाऱ्यांचा खेळ मोडला." काठी दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, "चला. ते ओझं तरी उतरलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. बस आली. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी पायरीवर ठेवला आणि आत गेले.

मी परत आले तेव्हा दादा तिथेच बसलेला होता, सुपारीचं खांड बोटाने सरकवत.

"काही म्हण," तो म्हणाला, "ते वळण त्याने बाहेरूनच घ्यायला हवं होतं."

वहिनी चुलीपासून उठून आली. तिने त्याच्या हाताखालची कपबशी ओढून घेतली, मग दुसरी, आणि दोन्ही मोरीत नेऊन टाकल्या.